आमेनवाचून राहिलेली प्रार्थना

विश्वासच्या नव्या फ्लॅटची लिफ्ट ‘अगले हफ्ते’ सुरू होणार होती, आणि गुडगावात अगला हफ्ता म्हणजे काय हे तोपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं. तेव्हा गृहसमर्पणाच्या रविवारी द्वारकाबाईंना तिसऱ्या मजल्यावर चढवायला दोन मुलगे, एक वॉचमन आणि एक प्लास्टिकची खुर्ची लागली.

“आराम से, माताजी, आराम से,” वॉचमन म्हणत होता.

“मला काय सांगतोस? ह्या दोघांना सांग,” द्वारकाबाई खुर्चीतून मराठीत म्हणाल्या. दिल्लीत उभं आयुष्य काढूनही त्या वॉचमनशी, भाजीवाल्याशी आणि देवाशी एकाच भाषेत बोलत. तिघांनाही समजत असावं, कारण उलट उत्तर कोणीच देत नसे. “विश्वास, तू डावीकडे झुकतोयस. लहानपणापासून झुकतोस. अविनाश, तू बोलू नकोस, धाप लागेल.”

मागून लता चढत होती. तिच्या खांद्याला पिशवी. तीत आईच्या गोळ्या, आईची शाल, आईचं गीतांचं पुस्तक, आईचा लांबचा चष्मा, आईचा जवळचा चष्मा. एकेचाळीस वर्षांची बाई, पण पिशवीत तिचं स्वतःचं म्हणावं असं एका रुमालापलीकडे काही नव्हतं.

वर दारात अरुणा उभी होती. विश्वासची बायको, घराची थोरली सून. तिच्या डोक्यात सकाळपासून दोनच गोष्टी होत्या, मटण आणि छोटी खोली. मटण शिजत आलं होतं. खोलीही तयार होती. बिल्डरच्या नकाशात तिला ‘सर्व्हंट रूम’ म्हटलं होतं. अरुणानं गेल्या महिन्यापासून तिला ‘आईंची खोली’ म्हणायला सुरुवात केली होती. त्यानं खोली काही मोठी झाली नाही, पण दोन पलंग मावले होते, मधून आडवं चालत जाता येईल इतकी जागा सोडून.

“लता, बघ तरी. खिडकी पण आहे.”

लतानं पाहिलं. खिडकी डक्टमध्ये उघडत होती आणि समोर कोणाचा तरी गीझर होता. “आहे की,” ती म्हणाली. “आणि हा दुसरा पलंग?”

“तुझा ना! मग काय आईंना एकटं ठेवणार का? चलो, आधी हात धू, कोशिंबीर राहिलीय.”

अरुणा वाईट नव्हती हो. थकलेली होती, आणि थकलेल्या माणसाला देवाची योजना फार पटकन दिसते. तिला उद्योग विहारमध्ये नवी नोकरी लागली होती, घरी यायला अंधार व्हायचा. विश्वास मानेसरला गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत, पहाटे कंपनीची बस पकडायचा. तनया दहावीत. दिवसभर कुलूप. आणि तिकडे पहाडगंजला दोन खोल्यांत सासू आणि नणंद. दोन आणि दोन चार होतात हे कळायला काही दिव्य दर्शन लागत नाही.

फक्त लताला कोणी विचारलं नव्हतं. लताला विचारायची पद्धतच ह्या घरात नव्हती.

स्वयंपाकघरात लता कांदा चिरत होती तेव्हा अविनाश पाणी प्यायला आला. हा मधला. नोएडात राहायचा आणि विमा विकायचा; बायको वैभवी नाइट ड्युटी करून घरी झोपली होती.

“अवीदादा,” लता हळूच म्हणाली, “आज एक शब्द नको हं.”

“मी? अगं, मी काय लहान आहे?”

“घरात अजून कोणाला माहीत नाही. उद्या त्यांना फोन करून कळवायचंय, येतेय की नाही ते. आईला माझं मी सांगेन.”

“विश्वास ठेव माझ्यावर.”

“ठेवलाय. म्हणून तर तुला सांगितलं.”

अविनाशनं छातीवर हात ठेवला. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. अरुणाला दिवस गेल्याचं चर्चच्या सगळ्या मंडळीत त्यानंच फोडलं होतं, अरुणानं विश्वासला सांगायच्या आधी. आणि गंमत अशी की त्याच तोंडानं तो प्रार्थना अशी करायचा की बायका आधीच रुमाल हातात घेऊन बसायच्या. देवानं देताना एकच जीभ दिली, तिला झाकण दिलं नाही. शुक्रवारी बसस्टॉपवर लतानं त्याला पुण्याचं सांगितल्यापासून तो दोन रात्री नीट झोपलेला नव्हता.

चर्चचे पाळकसाहेब उशिरा आले. धौला कुआँला ट्रॅफिक, मग तीन जिने. आल्या आल्या त्यांना मटणाचा वास लागला आणि त्यांचा संदेश तिथंच निम्मा झाला असावा. हॉलमध्ये सतरंजीवर सगळे गोल बसले, द्वारकाबाई त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर.

“देव माणसाचं बळही वापरतो आणि दुबळेपणाही,” पाळकसाहेब म्हणाले. “मोशेला धड बोलता येत नव्हतं, त्याला राजापुढे उभं केलं. येशूचा शिष्य पेत्र उतावळा, घाबरट, त्याच्यावर चर्चची मंडळी सोपवली.”

“पपा, दुबळेपणा म्हणजे वीकनेस ना?” तनयानं विचारलं.

“हो. तुझ्या मॅथ्ससारखा,” विश्वास म्हणाला.

“पाळकसाहेब,” द्वारकाबाई म्हणाल्या, “आळस कुठं वापरतो तो?”

“अं?”

“नाही, ज्ञान म्हणून विचारते. आमच्या घरात इतका पडून आहे, कधी उचलून नेलेला दिसला नाही.”

पाळकसाहेबांनी घाईघाईनं साखळी प्रार्थना जाहीर केली.

इथं साखळी प्रार्थनेचं सांगायला हवं, कारण ह्या घराण्याचे सगळे मोठे निकाल तिच्यातच लागलेले आहेत. द्वारकाबाईंचे यजमान, अण्णा, नगरहून दिल्लीला सरकारी छापखान्यात आले तेव्हा येताना एक ट्रंक आणि हा नियम घेऊन आले. एकानं प्रार्थना करायची, आमेन म्हणायचं, मग शेजारच्यानं. शेवटच्याचं आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत आणि देवाशी बोलणाऱ्याला मधे तोडायचं नाही. झालं! ज्याला मधे तोडता येत नाही असा माणूस काय काय बोलेल? अण्णा गेले, नियम राहिला, आणि पोरांनी त्याचं रणांगण केलं. समोरासमोर जे बोलायची छाती नाही ते देवाच्या नावानं पाठवायचं. देवानं टपाल पोचवावं अशी अपेक्षा.

सुरुवात विश्वासनं केली. त्यानं घराबद्दल उपकार मानले, लिफ्ट प्रभूच्या वेळेत मिळो म्हणाला, मग घसा साफ केला. “आणि प्रभू, माझ्या बहिणीबद्दल तुझे उपकार. तू तिला धीर दिलास, सेवेचं दान दिलंस. अण्णा आजारी पडले, आई पडली, सगळं तिनं हसतमुखानं केलं. हे तिचं सामर्थ्य तू ह्या घरातही वापर. छोटी खोली तुझ्या चरणांशी ठेवतो. आमेन.”

“प्रभू,” अरुणा लगेच सुरू झाली, “मी त्यात इतकंच घालते, की पहाडगंजच्या त्या जिन्यावर आई पुन्हा पडतील ही धास्ती आमच्या मनातून काढ. आणि तनयाला संध्याकाळी एकटीला राहावं लागतं, हे तू पाहतोसच. लताआत्याजवळ तिचं मराठीही सुधारेल. आमेन.”

“गॉड, थँक यू फॉर एव्हरीथिंग,” तनया म्हणाली. “मला एकटं राहायला बिल्कुल प्रॉब्लेम नाही. आमेन.”

आता अविनाश. त्यानं मनाशी ठरवलं होतं, आज छोटी प्रार्थना. जेवणाबद्दल आभार आणि आमेन. पण ‘छोटी खोली’ त्याच्या कानात अडकली. त्यानं ती पाहिली होती. तो गीझरही पाहिला होता. त्याला आतून भरून आलं, आणि अविनाशला भरून आलं की मग आवरणं कोणाच्या हातात नसायचं.

“हे कनवाळू पित्या,” त्यानं सुरू केलं, “तू सगळं जाणतोस. आम्ही जे बोललो ते जाणतोस, जे अजून कोणी बोललेलं नाही तेही जाणतोस. तू आमची मनं जाणतोस. तू पुणं जाणतोस.”

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

“म्हणजे सगळीच शहरं,” अविनाश म्हणाला. “दिल्ली, मुंबई, नागपूर. सगळीकडे तू आहेस. आणि प्रभू, उद्याचा तो फोन, आणि ती पुस्तकांची नोकरी, ते तुझ्या... अरे देवा. आमेन.”

“कसली नोकरी?” अरुणा डोळे मिटूनच ओरडली.

द्वारकाबाईंची काठी फरशीवर आपटली. “साखळी चालू आहे!”

पुढचा नंबर लताचा होता. पण विश्वासनं तिला वेळच दिला नाही.

“प्रभू, मी पुन्हा येतो,” तो म्हणाला. “माझ्याच घरात काय शिजतंय हे मला सगळ्यात शेवटी का कळतं, एवढं मला दाखव. आमेन.”

“प्रभू, कारण तो कधी विचारत नाही,” अविनाश म्हणाला. “आमेन.”

“प्रभू, ज्यानं आईला नोएडात एक आठवडा ठेवून घेतलं नाही, त्याला तू क्षमा कर.”

“प्रभू, वैभवीच्या नाइट ड्युट्या तुला माहीत आहेत.”

“प्रभू,” अरुणा म्हणाली, “आमच्याही ड्युट्या असतात. आम्ही त्या चर्चभर सांगत फिरत नाही.”

पाळकसाहेबांनी एक डोळा किलकिला केला. साखळी उलटी फिरताना त्यांनी आजवर पाहिली नव्हती. मटण खाली लागल्याचा वास येतोय हे कोणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटलं, पण प्रार्थनेत ते कसं बसवावं हे सुचेना.

“प्रभू,” विश्वासचा आवाज चढला, “पुण्याची ही गोष्ट खरंच तुझी हाक आहे का, हे तू लताला स्पष्ट कर. नसेल तर ते दार बंद कर. आमेन.”

“देवा,” लता म्हणाली.

साखळीत लता कधीच प्रार्थना करत नसे. तिची पाळी आली की ती नुसतं ‘आमेन’ म्हणायची आणि साखळी पुढे सरकायची. इतक्या वर्षांत तिच्या वाट्याचे शब्द कुठं जातात, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

“मला सवय नाही, सांभाळून घे,” ती म्हणाली. “हे म्हणतात, तू मला धीर दिलायस. नाही दिलास. मला रोज राग येतो. आईला अंघोळ घालताना येतो. ती एकदा हाक मारून, मी ‘आले’ म्हटल्यावरही परत हाक मारते, तेव्हा तर फार येतो. एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना माझ्या मनात आलं, ही गेली तर मी सुटेन. मग मी आत जाऊन तिचे पाय चेपले. हा धीर नाही, देवा. मला नाही म्हणता येत नाही, एवढंच आहे ते. मी भित्री आहे. माझ्या भित्रेपणावर हे घर चाललं आणि हे त्याला दान म्हणतात.”

अरुणाला वाटलं डोळे उघडावेत. तिनं ते आणखी घट्ट मिटले.

“तू मला वापरलंस की नाही, मला ठाऊक नाही. ह्यांनी वापरलं ते ठाऊक आहे. पुण्यात लहान मुलांची पुस्तकं काढतात, तिथं मला बोलावलंय. हाकबिक काही ऐकू आलेली नाही मला. पेपरात जाहिरात होती, मी अर्ज केला. मला जायचंय. तुझ्यासाठी नाही, कोणाच्या सेवेसाठी नाही. मला जायचंय, आणि...”

त्या ‘आणि’पाशी ती अडकली. पुढं काही येईना. सतरंजी सरकल्याचा आवाज झाला, चपला वाजल्या, आणि बाहेरचं दार ओढून घेतलं गेलं.

झाली का पंचाईत! आमेन म्हणायच्या आधीच माणूस उठून गेलं, तर साखळी चालू आहे की तुटली? अण्णांनी हे काही सांगून ठेवलं नव्हतं. सगळे डोळे मिटून तसेच बसून राहिले.

“पपा,” तनया कुजबुजली, “आता ओपन करायचे?”

“नाही.”

द्वारकाबाईंना काठीवर हात घट्ट धरावा लागला होता. ही गेली तर मी सुटेन. पोटच्या पोरीच्या तोंडून ऐकलं, आणि लागलं ते खोल लागलं. पण त्याहून वाईट हे होतं की त्यांना नवल वाटलं नाही. लताला मिरजेचं स्थळ आलं तेव्हा मुलगा चांगला होता, रेल्वेत होता. द्वारकाबाई जेवण टाकून पडून राहिल्या आणि म्हणाल्या, “तू गेलीस तर मी महिनाभरही जगायची नाही.” पुढं लताला शिकायला बाहेर जायचं होतं, तेव्हाही तेच म्हणाल्या. वाक्य चांगलं होतं, दर वेळी चालायचं. लता जायची नाही, आणि द्वारकाबाई जगायच्या.

त्यांनी काठी आपटली. आता त्यांची पाळी होती.

“प्रभू, मी द्वारका. पोरीनं खरं सांगितलं. मला लागलं, ते आपण दोघं मागाहून बघू. आता माझं ऐक. मी तिला सांगत आले, तू गेलीस तर मी मरेन. खोटं आहे ते. मी मरत नाही. मला भूक लागते, झोप लागते, दात अजून माझेच आहेत. मला भीती वाटते, ती वेगळी. रात्री जाग आली आणि हाकेला कोणी नसलं तर, ही भीती. म्हणून मी दोनदा हाक मारते. पहिल्या हाकेला ती असते हे कळतं. दुसरीला, अजून आहे हे कळतं.”

हॉलमध्ये कोणीतरी नाक ओढलं. अविनाशच असणार.

“पण भीती माझी आहे. तिचं ते काम नाही. तू दुबळेपणा वापरतोस, असं पाळकसाहेब म्हणतात. मग वापर की! ह्या सतरंजीवर ढीग पडलाय. माझे दोन्ही मुलगे आपापल्या बायकांना घाबरतात, तेही वापर. मी थोडे दिवस इथं राहीन, थोडे नोएडात. वैभवीला दिवसा झोपायचं असतं, मलाही असतं, आमचं जमेल. त्या छोट्या खोलीत मी झोपणार नाही, तिथं इस्त्रीचे कपडे ठेवा. मी हॉलमध्ये झोपेन, टीव्हीसमोर. आणि प्रभू, लताची प्रार्थना आमेनवाचून राहिलीय. ती तशी वर पाठवू नये. ती मी पुरी करते.”

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

“आमेन.”

तनया पहिली म्हणाली, मग पाळकसाहेब, मग अविनाश, हुंदक्यासकट. अरुणानंही म्हटलं. मनापासून म्हटलं की मटणासाठी, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं, कारण ती म्हणता म्हणताच स्वयंपाकघराकडे धावली होती. विश्वासचे ओठ मात्र सगळ्यात शेवटी हलले.

लता जिन्यात बसली होती. गुडगावातल्या नव्या बिल्डिंगची दारं म्हणजे नुसतं पत्र्यासारखं काम, आतलं अक्षरन् अक्षर बाहेर येत होतं. अविनाश येऊन तिच्या शेजारच्या पायरीवर बसला. तिनं डोळे पुसले नव्हते, रुमाल पिशवीत आत राहिला होता.

“लते, चुकलं गं. कसं निसटलं कळलंच नाही. शप्पथ घेऊन सांगतो, मी ठरवलं होतं.”

“अवीदादा, इतकी माणसं असताना मी तुलाच का सांगितलं असेल?”

“मी जवळचा म्हणून.”

लता त्याच्याकडे बघत राहिली.

अविनाशच्या लक्षात यायला वेळ लागला. आलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. “म्हणजे तू मला... अगं ए! आणि वर ‘एक शब्द नको’? दोन रात्री तळमळलो मी!”

“माझ्याच्यानं आईसमोर पहिला शब्द निघाला नसता रे,” लता म्हणाली. “देव वापरतो म्हणे दुबळेपणा. म्हटलं, आपणही बघावं वापरून.”

अविनाश इतका हसला की खालून वॉचमननं “सब ठीक है, साहब?” म्हणून विचारलं.

जेवायला बसले. मटण खाली लागलं होतं आणि ते कोणी बोललं नाही. अरुणा वाढताना डाव जरा जास्तच वाजवत होती. तिची संध्याकाळ, तिची तनया, तिची लावलेली घडी, सगळं तासाभरात विसकटलं होतं, आणि भांडायला समोर कोणी नव्हतं, कारण आमेन तिनंही म्हटलं होतं.

विश्वास ताटातच बघत होता. “राहणार कुठं पुण्यात?”

“बघेन.”

“बघेन म्हणजे? एकटी बाई कुठंही राहशील?” त्यानं भात कालवला, परत कालवला. “मी येईन सोडायला. खोली बघून परत येईन.”

“बरं,” लता म्हणाली. तिला रडू आलं, ते तिनं भाताबरोबर गिळलं.

“पाणी,” द्वारकाबाई म्हणाल्या.

लता उठली. म्हणजे अर्धी उठली. गुडघे आधी उठले, डोक्याला मागाहून कळलं.

“विश्वास,” द्वारकाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “पाणी आण.”

विश्वास गोंधळला. मग उठून आत गेला, कपाटं उघडल्याचा आवाज आला. तो स्टीलचा मोठा पेला घेऊन आला, काठोकाठ भरलेला. द्वारकाबाईंनी दोन्ही हातांनी धरला. हात थरथरले आणि निम्मं पाणी पदरावर, मांडीवर, ताटात सांडलं.

पेला अर्धाच भरायचा असतो. खाली डाव्या हाताचा आधार द्यायचा असतो. घोटाघोटाला थांबायचं असतं.

“अर्धा भरायचा असतो रे,” द्वारकाबाई ओला पदर झटकत म्हणाल्या. “शिकशील.”

लतानं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ती बसून राहिली.